पाटाचें पाणी आणि जोतीराव फुले

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतील मुलांस पाटबंधारे खातें म्हणजे काय, हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे, डिंभें हीं धरणांचीं नांवें त्यांस भूगोलाच्या पुस्तकाआधींच ठाऊक होतात. पाट केव्हां सुटणार, आवर्तन किती दिवसांचें, आपल्या चारीवर पाणी कोणत्या रात्रीं येणार, ह्या गोष्टी घरोघरीं जेवतांना निघतात. परंतु सरकारनें पाणी दिलें म्हणजे त्याचें काम संपलें असें नसून, तें पाणी वेळेवर, मोजून व न्यायानें दिलें पाहिजे, अशी स्पष्ट मागणी आपल्या इलाख्यांत दीडशें वर्षांपूर्वीं एका गृहस्थानें केली, आणि ज्या लेखांत ती केली तो लेख त्यानें जुन्नर व ओतूर येथें लोकांस स्वतः वाचून दाखविला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. ते गृहस्थ म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले. मुलींच्या शाळेचे संस्थापक म्हणून त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. येथें मुख्यतः शेत, पाणी आणि सरकारी खातें या संबंधानें त्यांचें चरित्र सांगावयाचें आहे.

जोतीरावांचा जन्म पुण्यास 11 एप्रिल 1827 रोजीं माळी कुळांत झाला. घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे असून मूळ गांव सातारा प्रांतांतील कटगुण. पेशवाईंत फुलें पुरविण्याच्या धंद्यावरून फुले हें नांव पडलें. घराण्याला इनाम जमीन मिळाली होती, पण ती वडील भावानें एकट्याच्या नांवें करून घेतली व गोविंदरावांस कांहीं मिळालें नाहीं, असें चरित्रकार सांगतात. जमिनीच्या कागदावर कोणाचें नांव चढतें आणि कोणाचें गळतें, याचा पहिला धडा ह्या मुलास असा घरींच मिळाला असावा. आई चिमणाबाई मूल लहान असतांनाच वारली. थोडें लिहिणें वाचणें झाल्यावर मुलास शाळेंतून काढून मळ्यांत लावण्यांत आलें. शेजारच्या मुनशी गफार बेग व लिजिट साहेब या दोघां सुज्ञ शेजाऱ्यांनीं वडिलांची समजूत घातली नसती, तर तो मळ्यांतच राहिला असता. 1841 सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले आणि 1847 पर्यंत तेथें शिकले. आपली शाळाही मिशनचीच असल्यामुळें हें सांगतांना थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनीं क्षमा करावा. तथापि जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. मिशनरी लोकांच्या शाळांविषयीं त्यांस आदर होता, आणि स्वतःचा विचार स्वतः करण्याची मोकळीकही त्यांनीं कधीं सोडली नाहीं.

1848 सालीं त्यांनीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, पत्नी सावित्रीबाईंस शिकवून शिक्षिका केलें, आणि त्यामुळें वडिलांचें घर सोडावें लागलें. 1852 सालीं सरकारनें विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांच्या हातून त्यांचा सत्कार केला. हा सर्व इतिहास आपल्या वर्गांत शिकविला जातो, म्हणून तो येथें विस्तारानें देत नाहीं.

पोटासाठीं जोतीराव काय करीत, हें मात्र सहसा शिकविलें जात नाहीं. ते ठेकेदार होते. पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशीं त्यांचा संबंध होता. कात्रजच्या घाटांतील बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचें धरण व कालवा अशा कामांशीं त्यांचें नांव जोडलें जातें. चुना, दगड, मजूर, मोजमाप, बिलें आणि बिलांवर सही करणारे साहेब, या सर्वांशीं त्यांचा नित्य व्यवहार पडे. सरकारी कामांतला पैसा कोठें जिरतो हें त्यांनीं तेथें पाहिलें. मजुराच्या हाजरीपटावर न आलेल्या माणसांचीं नांवें कशीं चढतात, साहेब दुरून पाहून कसे परत जातात, कारकून मधला वाटा कसा घेतो, हें कामावर उभा राहणारा मनुष्यच सांगूं शकतो. पुढें त्यांनीं खात्यांवर जी टीका केली तिला धार आहे ती यामुळें. ऐकीव गोष्टींवर ते लिहीत नव्हते.

खडकवासल्याचें धरण एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांत बांधलें गेलें. फाइफ नांवाच्या लष्करी इंजिनियराच्या योजनेवरून तें झाल्यामुळें तलावास फाइफचें नांव पडलें. धरणाचा उजवा कालवा पुण्यावरून हडपसर, मांजरी ह्या गांवांच्या रानांतून पुढें पाटसकडे जातो. पाणी आलें, पण शेतकरी तें घेईनात! आज आपल्यास हें खरें वाटणार नाहीं. परंतु विचार केला तर त्यांचेंही चुकत नव्हतें. पाऊस बरा असेल त्या वर्षीं ज्वारी-बाजरीस पाटाचें पाणी लागत नसे, पट्टी मात्र भरावी लागे. ऊंस लावावयाचा तर खत, बैल, भांडवल पाहिजे, तें सावकाराकडून काढावयाचें. आणि इतकें करून पाणी ऐन वेळेस येईल याची हमी कोणी देत नसे. तेव्हां जोतीरावांनीं मांजरीजवळ कालव्याखालची जमीन घेतली, तिच्यांत मळा केला, आणि पाटाच्या पाण्यावर बागायत कशी करावी हें शेजाऱ्यांस करून दाखविलें. उपदेश करणारे पुष्कळ असतात. भांडवल घालून, नांगर धरून उपदेश करणारे थोडे.

त्याच सुमारास देशावर मोठीं संकटें आलीं. 1875 च्या मे महिन्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले, आणि हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. चौकशी होऊन 1879 सालीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. मध्यंतरीं 1876 पासून दोन वर्षें दुष्काळानें दक्षिण महाराष्ट्र व देश उजाड केला. जोतीरावांनीं 24 सप्टेंबर 1873 रोजीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या मंडळींनीं धनकवडी येथें निराश्रित मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें.

1876 पासून 1882 पर्यंत ते पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. ह्या काळांतली एक गोष्ट मुलांस आवडेल. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून रस्ते शृंगारण्यासाठीं नगरपालिकेनें एक हजार रुपये खर्चावे, असें ठरावाला आलें. हा पैसा लोकांच्या करांतला असून तो शिक्षणासारख्या कामीं लागावा, असें जोतीरावांनीं सांगितलें. ठराव अर्थात् मंजूर झाला. विरोधाचें मत एकटें त्यांचें पडलें. सार्वजनिक संस्थेचा पैसा कोणाचा, हा प्रश्न त्यांनीं जन्मभर निरनिराळ्या रूपांनीं विचारला. पाटबंधारे खात्यास विचारला तोही हाच.

तो प्रश्न ज्या ग्रंथांत आहे त्याचें नांव शेतकऱ्याचा असूड. 1883 सालीं जोतीरावांनीं तो पुरा केला. ग्रंथाची भाषा तिखट आहे. पुष्कळ ठिकाणीं ती एका सबंध जातीवर तुटून पडते, आणि त्या जातीच्या वाचकांस आजही ती झोंबल्याशिवाय राहत नाहीं. परंतु रागाची झळ बाजूस ठेवून जो वाचील त्यास ग्रंथाच्या उत्तरार्धांत एका अनुभवी शेतकऱ्यानें व ठेकेदारानें सरकारी खात्यांचा काढलेला हिशेब सांपडेल. सारावाढ, लोकल फंड, शहरांतली जकात, जंगलखातें, पाटबंधारे, सर्वांची झडती त्यांत आहे.

पाण्यासंबंधीं त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. खातें शेतकऱ्यापासून पट्टी ठरल्याप्रमाणें घेतें, पण त्याच्या पिकास जरूर तितकें पाणी जरूर त्या वेळीं पोंचलें कीं नाहीं, ह्याची जबाबदारी कोणीच घेत नाहीं. पीक वाळलें तर नुकसान शेतकऱ्याचें. अधिकाऱ्याच्या पगारास धक्का लागत नाहीं. म्हणून प्रत्येकाच्या जमिनीस लागेल तें पाणी मोजून, तोटीनें द्यावें, आणि मग त्याचे पैसे घ्यावे.

तोटी हा शब्द वाचून कोणी हंसेल. शेतास कोणी तोटी लावतो काय! पण ह्या शब्दांत सगळी मेख आहे. त्या काळीं पट्टी आकारावयाची ती बिघ्यावर व पिकावर. समजा, दोघां शेतकऱ्यांनीं सारखाच ऊंस लावला आहे. एकाचें शेत पाटाच्या तोंडाशीं, दुसऱ्याचें शेंवटीं. पहिल्याच्या सरींतून पाणी बांधावरून ओसंडतें, त्याची जमीन चिबड होते. दुसऱ्याच्या सरीस पाणी पोंचेपर्यंत पाळी संपते. पट्टी दोघांसही तीच. पहिल्यास पाणी वांचविण्याचें कारण नाहीं, दुसऱ्यास तक्रार सिद्ध करण्याचें साधन नाहीं, कारण किती पाणी दिलें हें कोणी मोजलेंच नाहीं. माप नसल्यामुळें दार उघडणाऱ्या माणसाच्या मर्जीस किंमत येते, आणि त्या मर्जीचा बाजार भरतो. तोटी म्हणजे माप, आणि माप म्हणजे शेतकऱ्याच्या हातांतला पुरावा. 1879 सालीं मुंबई इलाख्यांत पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला होता. त्यानें खात्यास अधिकार पुष्कळ दिले, पण पाणी मोजून देण्याची ही गोष्ट राहूनच गेली.

ती किती वर्षें राहिली हें मुद्दाम सांगतों. 1976 सालीं महाराष्ट्राचा नवा पाटबंधारे कायदा झाला, तरी पाण्याची आकारणी बहुतेक पिकावर व क्षेत्रावरच चालली. 2005 सालीं दोन कायदे झाले. एकानें पाण्याचे दर व वाटप यांवर देखरेख करणारें स्वतंत्र प्राधिकरण स्थापिलें. दुसऱ्यानें शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांस मान्यता देऊन, संस्थेस पाणी घनमापानें मोजून द्यावें व संस्थेनें तें आपल्या सभासदांत वाटावें, असें ठरविलें. असूडानंतर 122 वर्षांनीं! नाशिक जिल्ह्यांतील वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या संस्थांनीं हा कारभार चांगला करून दाखविला. सर्वत्र तसें झालेलें नाहीं. कुकडीचें पाणी जुन्नरांतून पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातें, आणि तोंड व शेंपूट यांमधला तंटा काय असतो हें ज्यांच्या घरीं शेती आहे त्या पालकांस मी सांगावें असें नाहीं.

पुनः जोतीरावांकडे वळूं. मोठ्या धरणांवरच त्यांची नजर नव्हती. डोंगरउतारांवर ताली व बांध घालावे, ओढ्यानाल्यांवर जागोजाग लहान धरणें करावीं, म्हणजे पावसाचें पाणी जमिनींत मुरून विहिरींस झरे फुटतील आणि पालापाचोळ्याचें व शेणामुताचें सत्त्व वाहून न जातां शेतांत राहील, असें त्यांनीं सुचविलें. हें काम करावयास माणसें कोठून आणावीं? त्याचें उत्तर त्यांनीं दिलें आहे तें मोठें मौजेचें व शहाणपणाचें आहे. पलटणींतले व पोलिसांतले शिपाई शांततेच्या दिवसांत रिकामे असतात, त्यांच्याकडून करून घ्यावें. पाणाड्यांकडून गांवोगांवचे झरे शोधून नकाशावर खुणा कराव्या, विहिरी खणणारांस बक्षीस द्यावें, नदीनाल्यांतील व तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांस पूर्वींप्रमाणें फुकट नेऊं द्यावा, असेंही त्यांनीं लिहिलें. आज पाणलोट क्षेत्राचें काम म्हणून आपण ज्यास नांव देतों त्याचा आराखडा येथें बराचसा आहे.

जमिनीविषयीं त्यांचा मोठा आक्षेप जंगलखात्यावर होता. 1878 च्या जंगल कायद्यानंतर डोंगर, गायरानें, चराईचीं रानें खात्यानें आपल्या हद्दींत घातलीं. ज्याचीं चार गुरें गांवच्या रानांत चरत, त्यास त्याच रानांत पाऊल टाकतांच दंड होऊं लागला. गुरें गेलीं म्हणजे शेण गेलें, शेण गेलें म्हणजे शेत गेलें. गायरानें गांवांस परत द्यावीं, सरपणापुरती मुभा असावी, विक्रीसाठीं तोड मात्र होऊं देऊं नये, अशी त्यांची मर्यादशीर मागणी होती. आपल्या तालुक्यांचा पश्चिम भाग, नाणेघाटापासून भीमाशंकराच्या रानापर्यंत, ज्यानें पाहिला आहे त्यास ह्या मागणीचें मर्म लगेच कळेल. तेथल्या कोळी व ठाकर लोकांचा निम्मा संसार रानावर चाले. आणखी एक गोष्ट येथें ओघानें आली म्हणून सांगतों. आंबेगांव तालुक्यास ज्या गांवानें नांव दिलें तें जुनें आंबेगांव डिंभ्याच्या जलाशयांत बुडालें. खालच्या रानांस पाणी मिळालें तें वरच्या कोणाची तरी जमीन घेऊन मिळालें.

असूड लिहून जोतीराव घरीं बसले नाहींत. पुणें, मुंबई, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर, वांगणी अशा ठिकाणीं त्यांनीं तो लोकांस वाचून दाखविला, आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनींही तो ऐकला. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांसमोर सरकारी खात्यांचा हिशेब वाचावयाचा, ही कल्पनाच त्या काळीं नवी होती. जुन्नर तालुक्यांत सत्यशोधक समाजाचा जोर मोठा होता. ओतूरच्या डुंबरे पाटील घराण्यांतील मंडळी त्यांत पुढें होती. येथील शेतकऱ्यांनीं ब्राह्मण पुरोहितावांचून लग्नें लाविलीं, ग्रामजोशांनीं दक्षिणेच्या हक्कासाठीं दावा लाविला, आणि तें प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलें. त्याच सुमारास येथील कुळांनीं सावकार-जमीनदारांच्या जमिनी त्यांच्या अटींवर कसण्याचें नाकारलें, आणि गांवोगांव रानें पडीक राहिलीं. घरांत दाणा नसतां जमीन पडीक टाकणें ही लहान गोष्ट नव्हे. जोतीरावांचा ह्या चळवळीस पाठिंबा होता.

ग्रंथाचें दैव मात्र खडतर होतें. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीनबंधु पत्रांत पहिलीं दोन प्रकरणें छापलीं गेलीं आणि पुढचीं थांबलीं. सरकारास रुचणार नाहीं अशी भीति पडली असावी. जोतीरावांस ह्याचें फार वाईट वाटलें. त्यांच्या हयातींत असूड पुरा पुस्तकरूपानें निघाला नाहीं. त्यांनीं त्याची प्रत व्हाइसरॉयकडे पाठविली होती, पण खात्याच्या कारभारांत त्यामुळें कांहीं फरक पडल्याचें दिसत नाहीं.

1888 च्या मार्चांत राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठीं पुण्यास हरि रावजी चिपळूणकर यांनीं मेजवानी केली. जरीचे पोषाख, मोत्यांचे कंठे घातलेले पाहुणे जमले असतां जोतीराव खांद्यावर घोंगडी, डोक्यास फाटकें पागोटें, अशा खेडवळ कुणब्याच्या वेषांत आले. भाषण करावयास उठले तेव्हां त्यांनीं इंग्रजींत सांगितलें कीं, ह्या दागिन्यांवरून देशाची पारख करूं नये, खरें हिंदुस्थान खेड्यांत असून तें उपाशी व अडाणी आहे, हा निरोप राणीसाहेबांस पोंचवावा. त्याच वर्षीं 11 मे रोजीं मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यांतील सभेनें त्यांस महात्मा ही पदवी दिली.

दोन महिन्यांनीं त्यांस अर्धांगाचा झटका आला व उजवी बाजू लुळी पडली. धंदा बसला होता, औषधपाण्यास पैसा नव्हता. सयाजीराव महाराजांनीं साहाय्य पाठविलें. उजवा हात गेला म्हणून डाव्या हातानें लिहून त्यांनीं सार्वजनिक सत्य धर्म हें पुस्तक पुरें केलें. तें त्यांच्या मागें 1891 सालीं प्रसिद्ध झालें. 28 नोव्हेंबर 1890 रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. अंत्ययात्रेंत टिटवें धरून सावित्रीबाई स्वतः पुढें चालल्या.

आपला देह जाळूं नये, मिठांत घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठीं घरामागें खड्डाही खणून ठेविला होता. वस्तीच्या जागीं पुरण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाहीं. जिच्या सभेंत ते सहा वर्षें बसले ती हीच नगरपालिका. मग दहन झालें, आणि अस्थी त्यांच्या राहत्या वाड्याच्या आवारांत ठेवून वर तुळशीवृंदावन बांधलें गेलें. पुण्यास गेलें असतां तें गंजपेठेंत पाहावयास मिळतें.